दंडावरचा वण

शुक्रवार, १४ मे २०२१. रात्रीचे साडेदहा.

आज कोविडच्या लसीचा पहिला डोस झाला. डावा दंड ठणकतोय, अंगही जरा कोमट लागतंय. पण झोप येत नाहीये ती त्यामुळे नाही. सकाळी केंद्रावर जे कानावर पडलं ते लिहून काढल्याशिवाय डोकं शांत व्हायचं नाही.

नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीने माझं नाव उतरवता उतरवता सहज विचारलं, "नोकरीत सक्ती केली का हो?" मी म्हटलं, "हो, तसंच काहीसं." खोटं बोलले. सक्ती कुणीच केली नव्हती. पण खरं कारण सांगायला गेले असते तर आवाज फुटला नसता, आणि मागे रांग उभी होती.

आत सिस्टर माणसं मोजत होत्या. एका कुपीत दहा डोस. एकदा तिच्यात सुई शिरली की काही तासांत कुपी संपवायची, नाहीतर उरलेले डोस वाया. त्यामुळे दहा माणसं जमेपर्यंत त्या कुपी उघडेनात. माझा नंबर आठवा. पंधरा-वीस मिनिटं आम्ही आठही जण दाराकडे डोळे लावून बसलो होतो. शेवटी एक नवरा-बायको आले तेव्हा सगळ्यांनी इतक्या आपुलकीने त्यांना जागा करून दिली की जणू घरचंच कुणी आलंय. वर्षभर माणूस जवळ आला की पाऊल आपोआप मागे जायचं. आज पहिल्यांदा कुणी दारातून आत यावं म्हणून मी वाट पाहिली.

सुई टोचलेली कळलीसुद्धा नाही. सिस्टरनी कापूस दाबून धरायला सांगितला आणि मला पलीकडच्या खोलीत पाठवलं. तिथे अर्धा तास बसायचं. तीव्र ॲलर्जी हा दुर्मीळ प्रकार, पण आलीच तर बहुतेकदा याच वेळात येते, म्हणून डोळ्यांसमोर ठेवतात. खुर्च्या दूर दूर मांडलेल्या, त्यामुळे बोलायचं तर जरा मोठ्यानेच, आणि म्हणून सगळ्यांचं सगळ्यांना ऐकू जात होतं.

माझ्या डावीकडे पन्नाशीचे एक काका होते. त्यांनी एका चिठ्ठीवर पेनाने वेळ टिपली: ११.४०. मग चिठ्ठीची चार वेळा घडी घालून ती वरच्या खिशात ठेवली. थोड्या वेळाने पुन्हा काढून बघितली. मी बघतेय हे लक्षात आल्यावर म्हणाले, "बायकोला फोनवर नेमकी वेळ सांगायचीय. तिची किडनी बदललीय." शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून तिची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम खाली ठेवलेली असते. त्यामुळे लस घेऊनही तिच्या अंगात पुरेशी प्रतिपिंडं तयार होतीलच असं नाही, हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं. बाहेरचं सगळं तेच बघतात, घरात विषाणू आलाच तर त्यांच्याच पायांनी यायचा. "तेव्हा तिच्या वाटची मी घेतली," ते म्हणाले. अगदी साधेपणाने, एखादं सामान उचलून द्यावं तसं. त्या वाक्याशी मी दिवसभर अडकले आहे.

त्यांच्या पलीकडच्या आजी ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, तरी आपणहून म्हणाल्या, "मला मरणाची भीती राहिली नाही गं. पण माझ्या काळजीने लेकीला रात्र रात्र झोप नाही. तिचा डोळा लागावा म्हणून आले." लेक बाहेर दारापाशी उभी होती आणि मिनिटामिनिटाला आत डोकावत होती.

एक कॉलेजातला मुलगा कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. त्याला काका म्हणाले, "एकटाच आलास?" तर म्हणाला, घरी सांगितलेलंच नाही, घरच्यांना नकोय. मित्राचे वडील गेल्या वर्षी गेले, मित्राला त्यांचं शेवटचं तोंडसुद्धा बघता आलं नाही. एवढंच बोलला. पुढचं विचारायचा धीर कुणाला झाला नाही.

बाकीच्यांची कारणं साधीच होती. कुणाला परदेशी असलेल्या मुलाकडे जायचंय, कुणाला दुकान उघडायचंय. उशिरा आलेली ती बायको म्हणाली, फोनवर मेसेज आला की तुमची पाळी आहे, मग म्हटलं जाऊ या. यावर कुणीतरी हसलं. मला मात्र हसू आलं नाही. नुकतंच एका अमेरिकन संशोधनाबद्दल वाचलं होतं. फ्लूच्या लसीसाठी लोकांना वेगवेगळ्या शब्दांत मेसेज पाठवून पाहिले, तर 'तुमची लस तुमच्यासाठी राखून ठेवली आहे' अशा अर्थाचा मेसेज सगळ्यांत लागू पडला. आपल्या नावाने काहीतरी बाजूला काढून ठेवलंय, कुणीतरी आपली वाट बघतंय, एवढ्यानेही माणूस उठून निघतो. मला हे खोटं वाटत नाही. परवा, १२ तारखेला, तिकडच्याच ओहायो राज्याने लस घेणाऱ्यांमधून पाच जणांना दहा-दहा लाख डॉलरची सोडत जाहीर केली. आमच्या ऑफिसात त्यावर नाकं मुरडून झाली. मुरडोत. ज्याला कुणी वाट बघणारं नाही, अशा माणसाला दाराबाहेर काढायला सोडत कामी येत असेल तर येऊ दे. त्याच्या दंडातली लस काही कमी कसाची ठरत नाही.

८ डिसेंबरला चाचण्यांबाहेर फायझरची पहिली लस ज्यांना मिळाली, त्या इंग्लंडमधल्या मार्गारेट कीनन मला आज आठवल्या. वय ९०, आठवड्यावर एक्क्याण्णवावा वाढदिवस. साऱ्या जगाचे कॅमेरे समोर होते आणि बाई बोलल्या त्या घरच्यांबद्दल. वर्षातला बराचसा काळ एकटीने काढला, आता नव्या वर्षात माणसांना भेटता येईल, असं म्हणाल्या.

'सामूहिक प्रतिकारशक्ती', म्हणजे पुष्कळांना संरक्षण मिळालं की उरलेल्यांचाही बचाव होतो, हा शब्द मी वर्षभर शंभरदा वाचला असेल. तो खरा आहे, मोलाचा आहे. पण आज त्या खोलीत तो कुणाच्याच तोंडी आला नाही. तिथे होती बायकोची किडनी आणि लेकीची झोप.

आणि न घेणाऱ्यांचं? ऑफिसात खिडकीवर माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण लस घ्यायला तयार नाही. महिनाभर मी तिच्याशी आकडे घेऊन भांडले. गेल्या आठवड्यात ती जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली की लहानपणी इंजेक्शनच्या जागी गळू झालं होतं, ते चिरताना तिला चौघांनी दाबून धरलं होतं आणि 'दुखणार नाही' असं सांगितलं होतं. त्या दिवसापासून 'दुखणार नाही' म्हणणाऱ्यावर तिचा विश्वास नाही. मी किती दिवस भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत होते! आता मी तिला आकडे सांगत नाही. दुखतं का, ताप किती येतो, किती दिवस, हे सगळं उद्या तिला खरं खरं सांगणार आहे. म्हणूनही हे लिहून ठेवतेय.

अली माओ मालिन हे नाव तिला सांगायचंय. सोमालियातल्या मेर्का गावी एका हॉस्पिटलात ते स्वयंपाकी होते. ऑक्टोबर १९७७ मध्ये देवी या रोगाने आजारी असलेल्या दोन मुलांना घेऊन आलेल्या गाडीत रस्ता दाखवायला म्हणून काही मिनिटं बसले, आणि तेवढ्यात त्यांना लागण झाली. नैसर्गिकरीत्या देवी झालेला जगातला शेवटचा माणूस म्हणून त्यांची नोंद आहे. हॉस्पिटलात काम करूनही त्यांनी लस चुकवली होती, कारण टोचलेलं दुखेल असं वाटलं. ते त्यातून वाचले. पुढे पोलिओच्या मोहिमेत दारोदार फिरून तेच आयांना आपली गोष्ट सांगायचे. भीती वाटली होती, हे त्यांनी कधी लपवलं नाही. बहुधा म्हणूनच लोक ऐकत असतील.

बेंजामिन फ्रँकलिन यांची गोष्ट मात्र मी तिला सांगणार नाही. १७३६ साली त्यांचा चार वर्षांचा मुलगा देवीने गेला. त्या काळी लस नव्हती, देवीच्याच फोडातला अंश टोचत. मुलाला ते टोचायचं राहून गेलं होतं. त्याचा सल आयुष्यभर गेला नाही, असं त्यांनी उतारवयात लिहून ठेवलं, आणि तेही इतर आईबापांनी वाचावं म्हणून. आधीच घाबरलेल्या माणसाच्या ओंजळीत असला सल नाही टाकायचा.

आता माझं.

आई ताईकडे असते. चार वर्षांपूर्वी तिच्या विसरण्याला डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश हे नाव दिलं. नावं गेली, नाती गेली, पण चेहरा बघितला की ती हसायची. नाव नाही आठवलं तरी माझा हात हातात घ्यायची. मी खिडकीवर बसणारी, दिवसाला शे-दीडशे माणसं समोर. त्यामुळे गेल्या मार्चपासून मी ताईच्या घरात पाऊल टाकलेलं नाही. अंगणाच्या फाटकाशी उभी राहते, तोंडावर मास्क, आई व्हरांड्यातल्या खुर्चीत. ऑगस्टमध्ये एकदा ती ताईला म्हणाली, "या बाई रोज कशाला येतात गं?" ताईने माझं नाव सांगितलं. आईने माझ्याकडे नीट बघितलं आणि नम्रपणे हात जोडले.

त्या दिवशी मास्क खाली ओढायला हात वर गेला होता. अर्ध्यावर थांबवला.

हे माझं कारण. समोर बसून तिला माझं तोंड दाखवायचंय. लस घेतली म्हणून संसर्ग होतच नाही असं नव्हे, हे मला ठाऊक आहे. तिचा पहिला डोस झालाय, दुसरा व्हायचाय. माझाही दुसरा व्हायचा, त्यानंतर दोन आठवडे. सगळं जमून येईपर्यंत तिच्या आठवणीतून माझा चेहराच पुसला जाईल का, या भीतीने मी आठ महिने दिवस मोजतेय. नोंदणीच्या मुलीला हे सगळं कसं सांगणार होते?

संध्याकाळी ताईकडे गेले. फाटकातून म्हटलं, "आई, आज लस टोचून घेतली." बाही वर करून पट्टी दाखवली. ती बराच वेळ माझ्या दंडाकडे बघत राहिली. मग स्वतःच्या ब्लाउजची बाही चाचपडत वर सरकवायला लागली. आम्हाला काही कळेना. ताई मदतीला गेली तर तिचा हात बाजूला केला. बाही वर गेली आणि देवीच्या लसीचा तो गोल, रुपयाएवढा, खोलगट वण दिसला. लहानपणी तिच्या कुशीत झोपताना मी त्यात बोट फिरवत असे.

वणावर बोट ठेवून आई म्हणाली, "मलापण टोचल्यात देवी. तिघी बहिणी रडल्या, मी नाही रडले." आणि मग फाटकाकडे बघत, थोडं वाकून, "तू रडलीस का?"

वर्षभरात ती मला पहिल्यांदा 'तू' म्हणाली. म्हटलं, "नाही गं, नाही रडले."

दुसऱ्या डोसची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली आहे. आता ताप चढतोय जरासा. गोळी घेते.