अकरा वर्षं, नऊ क्लब आणि कराराचं शेवटचं पान

फोन बहुधा डिसेंबरात येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू झालेला युरोपातला बास्केटबॉलचा सीझन तोवर चांगला तापलेला असतो. कुठल्या तरी क्लबच्या पॉवर फॉरवर्डचा गुडघा गेलेला असतो, नाहीतर ओळीने चार सामने हरल्यामुळे कोचची उचलबांगडी झालेली असते आणि नव्या कोचला जुना इम्पोर्ट, म्हणजे परदेशी खेळाडू, नको असतो. मग माझ्या एजंटला माझी आठवण येते. "उद्या निघशील का?" हा त्याचा पहिला प्रश्न. देश कोणता, ते नंतर कळतं.

अकरा वर्षांत मी नऊ क्लबांकडून खेळलो. पॉवर फॉरवर्ड, म्हणजे आमच्या बोलण्यात फोर. काम ठरलेलं. चेंडू खेळवणाऱ्या गार्डसाठी स्क्रीन लावायचा, म्हणजे त्याच्यावरच्या बचावपटूची वाट अडवायची, कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, चेंडू आला तर लांबून तीन गुणांचा थ्री मारायचा, नाही आला तर रिबाउंडला, म्हणजे हुकलेला चेंडू पकडायला, घुसायचं. स्टार मी कधीच नव्हतो. क्लबच्या पोस्टरवर असलोच तर मागच्या रांगेत, अर्धा चेहरा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं माझं दोन बॅगांत. लोक खेळाबद्दल विचारतात, पण या धंद्यात मला खरा घाम फोडला तो कागदांनी. म्हणून त्याबद्दलच लिहितोय.

बास्केटबॉल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे अमेरिकेतली एनबीए लीग येते. फिरस्ते तिथेही आहेत. इश स्मिथ 13 संघांकडून खेळला, हा तिथला विक्रम, आणि तेराव्या संघात, डेन्व्हरमध्ये, 2023 साली त्याला विजेतेपदाची अंगठीही मिळाली. त्याच्या आधी चकी ब्राउन, जिम जॅक्सन, टोनी मॅसेनबर्ग आणि जो स्मिथ हे प्रत्येकी 12 संघ फिरून आले होते. पण तिथे ट्रेड झाला, म्हणजे संघाने खेळाडू दुसऱ्या संघाला दिला, की करार खेळाडूच्या मागोमाग जातो. गाव बदलतं, पगार तोच राहतो. तिथला दहा दिवसांचा करार ऐकायला क्रूर वाटतो. 5 जानेवारीपासून असे करार करता येतात, एकाच संघाकडून सीझनमध्ये दोनदा. त्यानंतर संघाने उरलेल्या सीझनचा करार करायचा नाहीतर नारळ द्यायचा. पण त्या दहा दिवसांचे पैसे मिळतील की नाही, ही धास्ती तिथे कुणाला नसते. युरोपात माझ्यासारख्याची पाटी दर वेळी कोरी. नवा करार, नवा परवाना, नवं मेडिकल, आणि पैसे येईपर्यंत जीव टांगणीला.

पहिल्या क्लबचा करार मी पहिल्या पानावरचा आकडा बघून सही केला. बाकीची पानं चाळलीसुद्धा नाहीत. आता मी करार मागून पुढे वाचतो. शेवटच्या पानावर बॅटचं कलम आहे का, हे आधी. बॅट म्हणजे बास्केटबॉलचा लवाद, फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, 2007 मध्ये सुरू केलेला, अधिकृत ठिकाण जिनिव्हा. ते कलम करारात नसेल तर भांडण झाल्यावर त्या देशाच्या कोर्टात, त्या भाषेत, त्यांच्या तारखांवर उभं राहायचं. मग पगाराचं पान. आकडा कर कापून हातात येणारा आहे ना, तारीख कोणती, उशीर झाला तर किती दिवसांनी मी खेळायला नकार देऊ शकतो आणि किती दिवसांनी करार मोडू शकतो. मग घर, गाडी, विमानाची तिकिटं. पलंगाची लांबीसुद्धा मी लिहून घेतो. हसू नका, पायांखाली सूटकेस लावून एक अख्खा सीझन काढलाय मी.

सही झाली तरी मैदानात उतरता येत नाही. ज्या देशात शेवटचं खेळलो तिथल्या महासंघाने क्लिअरन्स लेटर द्यावं लागतं. ते नवीन महासंघाकडे गेलं की मग परवाना. नियम तसा साधा आहे. संघ बदलायच्या ठरलेल्या तारखेनंतरही तुमचा तिथल्या क्लबशी करार चालू असेल, तरच ते पत्र नाकारता येतं. इतर कुठलंही कारण चालत नाही. माझं पत्र बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत आलं. एकदाच अडलं, त्याचं पुढे सांगतो.

मेडिकलची मात्र मला आजही धडकी भरते. विमानतळावरून थेट हॉस्पिटल. रक्त, ईसीजी, ट्रेडमिलवर धावताना पुन्हा ईसीजी, हृदयाचा इको. हे सगळं ठीक. मग ऑर्थोपेडिक डॉक्टर येतो. तो मला पाठीवर झोपवतो, गुडघा थोडा वाकवतो, एका हाताने मांडी धरून ठेवतो आणि दुसऱ्या हाताने नडगी झटक्यात स्वतःकडे ओढतो. आतला लिगामेंट सैल असेल तर हाड पुढे सरकतं. ते दीड-दोन सेकंद मी छताकडे बघत असतो. माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. ते मी लपवलेलं नाही, रिपोर्टही सोबत असतात, पण तरीही. सातव्या क्लबच्या डॉक्टरने एकदा ओढलं, थांबला, परत ओढलं. मग दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं. दोघं त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले, हसले. मला घाम फुटलेला. नंतर कळलं, मी टेबलाबाहेर केवढा लोंबतोय यावरून ते हसत होते.

इथे एक गोष्ट अनुभवाने कळली. चांगल्या करारात लिहिलेलं असतं की मेडिकल खेळाडू आल्यापासून 48 किंवा 72 तासांत व्हायला हवं, आणि क्लबने ते न करताच तुम्हाला सरावाला उतरवलं तर तुम्ही पास झालात असं धरायचं. हे कलम नसेल, तर तीन सामने वाईट गेल्यावर क्लबला अचानक तुमचा गुडघा आठवू शकतो.

बाकी राहिला खेळ. रेषा सगळीकडे तीच, 28 बाय 15 मीटरचं कोर्ट, 6.75 मीटरवर थ्रीची कमान, चाळीस मिनिटं, पाच फाउल. बदलतात ते शब्द. एका क्लबात कोचने मूठ वर केली की मी वर येऊन गार्डसाठी स्क्रीन लावायचो. पुढच्या क्लबात त्याच मुठीचा अर्थ होता, मी खाली कोपऱ्यात जायचं. पहिल्या सामन्यात मी सवयीने वर धावलो, आमच्याच गार्डच्या वाटेत आडवा आलो आणि चेंडू माझ्या खांद्यावर आपटून बाहेर गेला. कोचने टाइमआउट घेतला. काही बोलला नाही, नुसती मूठ दाखवली आणि कोपऱ्याकडे बोट केलं. त्या रात्री झोपायच्या आधी मी त्यांच्या सगळ्या ठरलेल्या चाली वहीत उतरवून काढल्या. तीच वही मी अजून वापरतो. पानाच्या डाव्या बाजूला जुन्या क्लबचं नाव, उजव्या बाजूला नव्याचं. मधली आकृती बहुतेक वेळा एकच असते.

आता पाचव्या क्लबची गोष्ट.

करारात पगाराची तारीख दहा. नोव्हेंबरचा पगार बारा दिवस उशिरा आला. डिसेंबरचा अर्धाच आला. जानेवारीचा आलाच नाही. अध्यक्ष भेटले की खांद्यावर हात टाकायचे, खांद्यापर्यंत हात पोचायचा नाही ही गोष्ट वेगळी, आणि म्हणायचे, स्पॉन्सरचे पैसे अडकलेत, पुढच्या आठवड्यात नक्की. संघातल्या स्थानिक मुलांचेही थकले होते, पण त्यांची घरं तिथेच होती. आम्ही तीन इम्पोर्ट एका फ्लॅटच्या स्वयंपाकघरात बसून बँकेचं ॲप उघडून बघायचो आणि बंद करायचो.

माझं डोकं फिरलं होतं. सरावाला जायचंच नाही असं मी ठरवलं. एजंटने फोनवर मला झापलं. "एक दिवस जरी दांडी मारलीस तरी तो दंड लावेल आणि सगळा दोष तुझ्यावर येईल. रोज जा, वेळेत जा, आणि रोज लिहून ठेव." तो बरोबर होता. क्लबने आधीच दंडाची तयारी चालवली होती. सामन्याच्या दिवशी सकाळच्या हलक्या सरावाला सहा मिनिटं उशिरा आलो, म्हणून एक. टाय न लावता बसमध्ये चढलो, म्हणून दुसरा. मी मात्र तक्रार तोंडी करणं बंद केलं. किती थकले, कधीपासून, कराराचं कलम कोणतं, सगळं ईमेलवर. उत्तर कधी आलं नाही. पण लवादासमोर हेच ईमेल कामी आले, कारण क्लबला आधी लेखी सूचना मिळाली होती की नाही, हे तिथे नीट बघतात.

माझ्या करारात उशिराची मर्यादा तीस दिवसांची होती. एकतिसाव्या दिवशी मी करार मोडल्याचं पत्र पाठवलं आणि बॅगा भरल्या. दुसऱ्या देशातला क्लब वाट बघत होता. आणि तिथेच क्लिअरन्स लेटर अडलं. जुन्या क्लबने महासंघाला कळवलं की याचा करार सीझनअखेरपर्यंत आहे, सोडता येणार नाही. कागदावर ते खरंच दिसत होतं. प्रकरण फिबाकडे गेलं, आम्ही करार, ईमेल, बँकेचे उतारे पाठवले. नऊ दिवस मी नव्या संघाबरोबर सराव करत होतो आणि सामन्याला साध्या कपड्यांत बेंचमागे बसत होतो. दहाव्या दिवशी परवाना मिळाला. पैशांचं भांडण स्वतंत्रपणे बॅटकडे न्या, असं उत्तर होतं.

नेलं. बॅटबद्दल माझी कल्पना म्हणजे मोठा हॉल, झगा घातलेले न्यायाधीश. तसलं काही नाही. एकच लवाद, बॅटच्या अध्यक्षांनी नेमलेला. भाषा इंग्रजी. माझ्या प्रकरणात सुनावणी झाली नाही, सगळं लेखी. जिनिव्हा मी आजतागायत पाहिलेलं नाही. अर्ज करताना फी भरावी लागते, ती परत मिळत नाही. खरा दणका पुढे होता. लवादाच्या खर्चासाठी दोन्ही बाजूंनी आगाऊ रक्कम भरायची असते, सहसा निम्मी निम्मी. क्लबने त्यांची निम्मी भरलीच नाही. मग त्यांचा वाटाही मीच भरायचा, नाहीतर प्रकरण पुढे सरकत नाही. म्हणजे ज्याने माझा पगार बुडवला त्याच्या वाट्याचे पैसे मी उसने काढून भरले. दादाने दिले. "परत कधी देणार" असं त्याने विचारलं नाही, हे मी विसरणार नाही.

क्लबचं उत्तर आलं ते वाचून मला हसावं की रडावं कळेना. दोन दंडांचे आता सात झाले होते. मी जीव लावून खेळत नव्हतो, असं लिहिलं होतं. पुरावा म्हणून एक फोटो, हरलेल्या सामन्यात मी बेंचवर हसतोय. तो सामना मला आठवत होता. शेजारी बसलेल्या पोराने पाण्याच्या बाटलीऐवजी गुडघ्यावर मारायच्या थंड स्प्रेचा डबा उचलून तोंडाला लावला होता.

लवादाने मला एक प्रश्न विचारला, तो बिनतोड होता. नव्या क्लबकडून किती मिळतंय? करार पाठवा. हे मला आधी माहीत नव्हतं. करार मोडायच्या दिवसापर्यंतचे थकलेले पैसे पूर्ण मिळतात, पण पुढच्या महिन्यांसाठी मागितलेल्या पैशांतून तुम्ही दुसरीकडे कमावलेलं वजा होतं. घरी बसून राहायचं आणि दोन्हीकडून घ्यायचं, असं चालत नाही. बॅटचा लवाद बहुधा कुठल्या एका देशाच्या कायद्यावर बोट ठेवत नाही, न्याय्य आणि रास्त काय ते ठरवतो. तेव्हा मी चिडलो होतो. आता वाटतं, वजाबाकी ठीकच होती.

निकाल आठ महिन्यांनी लागला. थकलेले पगार पूर्ण, पुढच्या महिन्यांतला फरक, त्यावर वर्षाला 5 टक्के व्याज, लवादाचा खर्च क्लबवर, माझ्या वकिलाच्या फीमधला काही भाग. दंडांपैकी टायचा तेवढा मान्य झाला.

निकाल म्हणजे पैसे नव्हेत. क्लब गप्प. आम्ही फिबाला कळवलं. निकाल न पाळणाऱ्या क्लबला फिबा आर्थिक दंड करू शकते, आणि नवे खेळाडू नोंदवायला बंदी घालू शकते. दंडाने त्या अध्यक्षांच्या कपाळावर आठी पडली असेल, एवढंच. बंदी मात्र झोंबली. सप्टेंबर तोंडावर आला, त्यांना दोन इम्पोर्ट हवे होते आणि कुणाचीच नोंदणी होईना. तीन आठवड्यांत माझ्या खात्यात पैसे आले, दोन हप्त्यांत. पहिला हप्ता मी तसाच दादाकडे वळवला.

त्याच डिसेंबरात एजंटचा फोन. "हसू नकोस. त्यांच्या फोरचा घोटा गेलाय. तुझ्याबद्दल विचारतायत."

"कोण?"

त्याने क्लबचं नाव सांगितलं. अध्यक्ष बदललेत, म्हणाला. नवा माणूस बरा आहे म्हणतात.

मी दोन महिन्यांचा पगार आधी मागितला. पुन्हा फोन आला नाही. पाच-सहा दिवसांनी दुसऱ्याच क्लबचा करार ईमेलवर आला, सतरा पानांचा. मी चहा ठेवला आणि सरळ सतरावं पान उघडलं.