तीनच वर्षं

मंगळवार, रात्री साडेदहा

आज डिप्लोमा कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये एक वाक्य बोलून गेले आणि तेव्हापासून जेवण गोड लागेना झालंय.

शिराळ्याहून येणारी ती, शिराळ्याची, आणि मी एकाच व्हाइसवर, म्हणजे लोखंड घट्ट पकडणाऱ्या शिकंज्यावर असतो. फिटिंगचा जॉब चाललाय. लोखंडी पट्टीच्या तुकड्याच्या दोन कडा काटकोनात आणायच्या. कानस मारायची, काटकोन तपासायचा ट्राय-स्क्वेअर लावायचा, तुकडा खिडकीकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की परत कानस. मला चौथ्यांदा उजेड दिसला. अंगठ्याखाली फोड आलेला, त्यात सर म्हणाले, "सरळ ढकल गं, लाटणं नव्हे ते. कड गोल व्हायला लागलीय." मी चिडून शिराळ्याचीला म्हणाले, "जाऊ दे, मला इथं तीनच वर्षं काढायचीत."

तिने हात न थांबवता विचारलं, "मग आम्ही काय इथं पेन्शनला बसणारोय?"

बास, एवढंच. नंतर ती नेहमीसारखीच बोलली, डब्यातली शेंगदाण्याची चटणीसुद्धा दिली. तेच जास्त लागलं. भांडली असती तर मीही भांडले असते.

योजना माझीच आहे. कॅलेंडरच्या जूनच्या पानामागे सहा सेमिस्टरचे सहा चौकोन, पुढे बाण, बाणापुढे 'डायरेक्ट सेकंड इयर', म्हणजे डिप्लोमानंतर थेट इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. अकरावी-बारावीची दोन आणि इंजिनिअरिंगची चार. किंवा डिप्लोमाची तीन आणि पुढची तीन. बेरीज सहाच. सीईटी नाही, लातूर नाही, क्लासची फी नाही. दादाच्या वेळी त्या फीपायी जे झालं... ते आज नको. मेरिट शेवटच्या वर्षाच्या टक्क्यांवर, म्हणजे पाचव्या-सहाव्या सेमला जीव काढायचा. ओपनला अर्ज भरायला 45 टक्के पुरतात, पण 45 वर सांगलीचं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज कोण देतंय! पुण्याच्या सीओईपीचं, तिथल्या जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजचं, नाव घेताना तर आप्पा चष्मा काढतात. 1854 सालचं आहे ते.

योजनेत एक भोकही आहे. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष सुटतं म्हणजे गणिताचे एम-वन, एम-टू हे पेपर सुटतात, आणि दुसऱ्या वर्षी एम-थ्री लाप्लासचं अवघड गणित घेऊन दारात उभं. डिप्लोमावाले तिथंच आपटतात म्हणे. म्हणून चौथ्या चौकोनात लाल पेनाने लिहून ठेवलंय, 'इंटिग्रेशन घरी, स्वतः'.

सगळं लिहिलंय. पण त्या सहा चौकोनांत या कॉलेजचं नाव कुठेच नाही. एसटी स्टँडवर बसावं तशी बसलेय मी इथं, पिशवी मांडीवर घेऊन. आणि शेजारी बसलेल्यांना सांगतेय, माझी गाडी येणार आहे हां.

काकूने पेढा तोंडात टाकता टाकता विचारलं होतं, "डिप्लोमा? मार्क कमी पडले का गं?" 91 टक्के सांगितल्यावर म्हणाली, "असू दे, असू दे." त्या 'असू दे'ने मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नव्हते. आज तेच 'असू दे' मी व्हाइसपलीकडे सरकवलं. तेही शिराळ्याचीला, जी साडेपाचला उठून पहिली एसटी धरते.

मला काय, रडूच येत होतं. लातूरला शिकायला गेलेल्या मैत्रिणीने हॉस्टेलच्या खोलीचा फोटो टाकलाय, टेबललॅम्प वगैरे. बघून आणखी वाटलं, आपलंच नशीब असं का. कशात तरी मन घालावं म्हणून प्रवेशाची जुनी यादी मोबाइलवर उघडली. शिराळ्याची माझ्या वर आहे. थोडीथोडकी नाही, 94.20.

म्हणजे जिला मी इथं अडकलेली समजत होते, ती! तिच्याही कॅलेंडरमागे चौकोन असतील. तीन वर्षांनी वालचंदला मेकॅनिकलची एकच जागा उरली, तर तिथं तीच बसणार आणि मी पुढच्या राउंडची वाट बघणार. एकटीच हसले. आईने आतून विचारलं, काय झालं. म्हटलं, काही नाही.

मग योजना पुन्हा एकदा बघावी म्हणून कॅलेंडर काढलं, तर आईने चौथ्या सेमच्या चौकोनात दुधाचा हिशोब मांडलाय. इंटिग्रेशनच्या खाली साडेतेरा लिटर. वर म्हणते, पान कोरं होतं की.

उद्या सॉरी वगैरे मला जमणार नाही. चटणीत लसूण किती घालता, एवढं विचारीन. दुसरी कड अजून तशीच आहे, आणि व्हाइस दोघींत एकच.