तीन पाकिटं आणि इन्व्हिटेशनचे दोन दिवस

रेसचा नाद मला पुण्याने लावला. जुलै ते ऑक्टोबर कॅम्पातल्या रेसकोर्सवर जायचं, चिखलात घोडे बघायचे, शेदोनशे रुपये हरून घरी यायचं, इतपतच. पण रेसवाल्यांचा खरा सण म्हणजे इन्व्हिटेशन. मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद, चेन्नई, कोलकाता, सगळीकडचे अव्वल घोडे दोन दिवस एका ठिकाणी येतात. 1200 मीटरची स्प्रिंटर्स कप, 1600 ची सुपर माइल, 3000 ची स्टेअर्स कप आणि शेवटी 2400 मीटरची टर्फ इन्व्हिटेशन कप. यजमानपद आळीपाळीने फिरतं. काही वर्षांपूर्वी पाळी मुंबईची आली तेव्हा ठरवलं की या खेपेला जायचं, आणि नीट तयारी करून जायचं.

तयारी म्हणजे एक वही आणि तीन पाकिटं. पहिल्यात शनिवारचे तीन हजार, दुसऱ्यात रविवारचे तीन हजार, तिसरं रिकामं. मोठी बेट जिंकली की पैसे तिसऱ्यात टाकायचे आणि तिसऱ्याला परत हात लावायचा नाही. बायकोने पाकिटांकडे बघितलं आणि फक्त म्हणाली, "तिसरं आणायची काय गरज होती?"

वहीत घोड्यांचा अभ्यास होता. एरवीच्या बहुतेक रेस हँडिकॅपच्या असतात. चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन, कमी घोड्याच्या पाठीवर कमी, म्हणजे सगळे एका रेषेत यावेत. इन्व्हिटेशनला तसं नसतं. वजनं जवळपास सारखी, त्यामुळे घोड्याची खरी जात दिसते. अडचण अशी की यातले बरेच घोडे एकमेकांशी कधी धावलेलेच नसतात. बेंगळुरूच्या डर्बीतला पहिला, हैदराबादच्या डेक्कन डर्बीतला पहिला आणि आपल्या इंडियन डर्बीतला दुसरा, यांत सरस कोण, हे कुठल्या वहीत मिळणार? तरी मी तीन रात्री जागून रकाने भरले. अंतर, वेळ, जॉकी, आणि स्प्रिंटर्स कपसाठी खास ड्रॉ, म्हणजे कोणता घोडा कितव्या गेटातून सुटणार ते. कमी अंतराच्या रेसमध्ये ड्रॉला महत्त्व असतं असं मी कुठेतरी वाचलं होतं. हा रकाना लक्षात ठेवा.

शनिवारी सकाळी डेक्कन क्वीनने दादर, तिथून स्लो लोकलने महालक्ष्मी. स्टेशनच्या पुलावरून धोबीघाटाचे दोर दिसतात, आणि तिथूनच वाटेवर रेसबुक हातात घेतलेली माणसं दिसायला लागतात. चालताना वाचणारी, कोपऱ्यावर थांबून एकमेकांना बोटाने आकडे दाखवणारी. मामा दारापाशीच उभे होते. ते लालबागचे, गिरणीत होते तेव्हापासून रेसला येतात. वसंत शिंदे आणि जगदीश या जुन्या जॉकींना घोड्यावर बघितलेलं आहे, हे ते दर अर्ध्या तासाने सांगतात.

"वही कशाला आणलीस?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"अभ्यास केलाय मामा."

"बरं. मग बेट कुठं लावणार? टोटवर की रिंगमध्ये?"

हे मी ठरवलंच नव्हतं. पुण्यात मी कायम टोटच्या खिडकीवर जायचो. टोटमध्ये सगळ्यांचे पैसे एका ठिकाणी जमा होतात, कर आणि कपात वजा होते, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. म्हणजे तिकीट घेताना भाव पक्का नसतो, रेस सुटेपर्यंत बदलत राहतो. पेमेंट दहा रुपयांच्या हिशेबाने लागतं. रिंगमध्ये बुकी उभे असतात. फळीवर अडीचचा भाव, म्हणजे रुपयाला अडीच रुपये नफा, लिहिलाय आणि तुम्ही त्या क्षणी घेतलात तर अडीचच मिळणार, नंतर भाव दीडवर आला तरी. मोठा पंटर, म्हणजे मोठ्या रकमा लावणारा, रिंगमध्येच दिसतो. मलाही त्या दिवशी मोठा पंटर व्हायचं होतं.

पहिल्याच रेसला पाचशेची बेट घेतली. बुकीच्या कारकुनाने सहाशे चाळीस मागितले. मी म्हटलं, पाचशे. तो न बघताच म्हणाला, "जीएसटी." तेव्हा दर 28 टक्के होता आणि तो नफ्यावर नाही, लावलेल्या रकमेवर. हे मला माहीत होतं, पण माहीत असणं आणि खिशातून एकशे चाळीस जास्तीचे काढणं यात फरक आहे. गणित करून बघा. शंभर लावायला 128 द्यायचे. फेव्हरिटचा भाव जर रुपयाला 28 पैसे असेल तर घोडा जिंकूनही हातात 128 च येणार. म्हणजे जिंकलात तरी फुकट. सप्टेंबर 2025 पासून हाच दर 40 टक्के झाला आहे, म्हणजे 40 पैशांपर्यंतचा फेव्हरिट आता निव्वळ बघण्यापुरता. शिवाय एका बेटवर दहा हजारांवर जिंकलात तर तीस टक्के टीडीएस आधीच कापला जातो, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. ही शेवटची अडचण मला दोन दिवसांत आली नाही.

पहिला घोडा पाचवा आला. त्याचं नाव देत नाही, इथे कुणाचंच देणार नाही. हरणाऱ्याने घोड्याची बदनामी करू नये.

मामा तोपर्यंत टोटवरून पन्नास रुपयांचं प्लेसचं तिकीट घेऊन आले होते. प्लेस म्हणजे घोडा बहुतेक वेळा पहिल्या तिघांत आला तरी पैसे. त्यांचा घोडा दुसरा आला. मामांनी तिकीट खिशात ठेवलं आणि मला पॅडॉकवर नेलं.

त्या वीस मिनिटांसाठी मी परत इन्व्हिटेशनला जाईन. पॅडॉकमध्ये सईस घोड्यांना गोल फिरवत होते. इतक्या जवळून इतके चांगले घोडे मी कधी बघितले नव्हते. एका काळपट घोडीच्या मानेखालची शीर उडताना दिसत होती. दुसऱ्या एका तांबड्या घोड्याच्या मागच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस जमला होता. मामा म्हणाले, "हा इथंच अर्धी रेस धावून झाला. घामाघूम झालाय बघ. कान बघ त्याचे." कान सारखे मागे जात होते. माझ्या वहीत या घोड्यासमोर दोन चांदण्या होत्या. शेजारून एक उंच, सुस्त दिसणारा घोडा गेला, मान खाली, जणू सकाळी फिरायला निघालेला पेन्शनर. दक्षिणेतून आलेला, वहीत एक चांदणी. "हा झोपलाय की काय?" मी विचारलं. मामा म्हणाले, "तीन हजार मीटर पळायचंय त्याला. झोपू दे."

ही स्टेअर्स कपची रेस होती. मी पळत रिंगमध्ये गेलो. त्या सुस्त घोड्याला तीनचा भाव होता. मी पैसे मोजेपर्यंत समोरच्या फळीवर अडीच झाला. घेतला. पाचशेचे परत सहाशे चाळीस. लांब रेस असल्याने घोडे सुरुवातीला स्टँडसमोरून एकदा जातात, तेव्हा आमचा शेवटून दुसरा होता. समोरच्या बाजूला दुर्बीण नसलेल्या माणसाला फक्त टोप्यांचे रंग दिसतात. शेवटच्या वळणावर तांबडा पुढे होता, मग तो एकदम थकला, आणि बाहेरच्या बाजूने आमचा पेन्शनर आला. ओरडण्याची गंमत अशी की आपण काय ओरडतोय ते आपल्याला कळत नाही. मामांनी नंतर सांगितलं की मी "आई, आई" असं ओरडत होतो.

जॉकींचं वजन परत होईपर्यंत पैसे मिळत नाहीत. ती पाचसात मिनिटं मी चिठ्ठी दोन्ही हातांत धरून उभा होतो. सतराशे पन्नास मिळाले. तिसऱ्या पाकिटात टाकले आणि पाकीट मामांकडे दिलं. दोन दिवसांतलं तेवढं एकच काम मी डोकं ठिकाणावर ठेवून केलं. त्यानंतर शनिवारी टोटवर आठशे गेले, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

रात्री लालबागला मामींच्या हातची भाकरी आणि सुकट खाऊन परत वही उघडली. मामी म्हणाल्या, "1996 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं म्हणे, रेस हा कौशल्याचा खेळ आहे. तेव्हापासून यांना जास्तच चढलंय." निकालाचं हे वाक्य रेसच्या प्रत्येक माणसाला पाठ असतं. माझ्या कौशल्याचा नमुना दुसऱ्या दिवशी दिसला.

रविवारी गर्दी दुप्पट होती. मी आधी जॅकपॉट घेतला. ओळीने पाच रेसचे विजेते ओळखायचे. प्रत्येक रेसमध्ये एकापेक्षा जास्त घोडे घेता येतात, पण मग गुणाकार वाढतो. मी दोन, एक, दोन, तीन, तीन असे घेतले, छत्तीस जोड्या, तीनशे साठ रुपये. टर्फ इन्व्हिटेशन कपच्या रेसमध्ये खरं तर तीन घोडे हवे होते. पण दोनाचे तीन केले तर छत्तीसाच्या चोपन्न होतात, म्हणून तिसरा गाळला. एकशे ऐंशी रुपये वाचवले.

मग स्प्रिंटर्स कप. वहीप्रमाणे माझा घोडा ठरलेला होता. रिंगमध्ये त्याचा भाव खूप खाली आला होता, म्हणून टोटवर पाचशेचं विन, म्हणजे घोडा पहिला आला तरच पैसे, घ्यायचं ठरवलं. रांग लांब, माईकवरून घोडे गेटाकडे निघाल्याची घोषणा, मागचा माणूस पाठीला ढकलतोय. खिडकीशी पोचलो, वहीत बघितलं आणि म्हणालो, "नऊ नंबर, विन, पाचशे." तिकीट घेतलं आणि कठड्याशी पळालो. मामांनी तिकीट बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"तू चार सांगत होतास ना काल?"

घोड्याचा नंबर चार होता. नऊ हा ड्रॉ होता. मी तीन रात्री जागून आखलेल्या रकान्यातला आकडा वाचून दाखवला होता. खिडकी बंद झाली होती. सव्वा मिनिटही लागत नाही त्या रेसला. माझ्या हातातला नऊ नंबर शेवटून तिसरा आला. आणि ज्या चार नंबरवर पैसे लावायचे होते, तो तिसरा आला. म्हणजे चूक केली नसती तरी विनचे पाचशे जाणारच होते. यात बरं वाटून घ्यावं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मामांच्या मते चार नंबरवर प्लेस घ्यायचं होतं. त्यांनी घेतलं होतं.

टर्फ इन्व्हिटेशन कपच्या वेळेपर्यंत जॅकपॉटचे दोन पाय, म्हणजे पहिल्या दोन रेस, लागले होते, त्यामुळे मी फुगलो होतो. रिंगमध्ये आवडत्या घोड्यावर हजारची बेट घेतली, कर धरून बाराशे ऐंशी. शिवाय टनाला, म्हणजे पहिले तीन घोडे त्याच क्रमाने. चार घोडे उलटसुलट करून चोवीस जोड्या, दोनशे चाळीस. यात तो गाळलेला तिसरा घोडा मात्र घेतला होता, मनाच्या समाधानासाठी.

अडीच मिनिटांची रेस. शेवटचे दोनशे मीटर माझा घोडा पुढे होता, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा बाजूच्या अनोळखी माणसाचा दंड धरला. मग गाळलेला घोडा आला. एका मानेने. टनालात तिसरा कोणीतरी पाचवाच घुसला, तेही गेलं.

मी मामांकडे हात केला. "मामा, ते पाकीट द्या. अजून दोन रेस आहेत."

"कुठलं पाकीट?"

"कालचं. सतराशे पन्नासवालं."

"माझ्याकडे कुठलं पाकीट नाही बुवा," मामा म्हणाले आणि भेळेच्या दिशेने चालायला लागले. त्यांच्या शर्टाच्या खिशातून पाकिटाचा कोपरा दिसत होता. मी मागे मागे गेलो, समजावलं, थोडा चढलोही. त्यांनी दोन भेळा घेतल्या, एक मला दिली आणि रेसबुक उघडून शेवटच्या रेसचे घोडे वाचत बसले. भेळेचे पैसे मी दिले.

जॅकपॉटचे उरलेले दोन्ही पाय लागले. पाचपैकी चार. पूर्ण पाच लावणाऱ्यांत सत्तर टक्के रक्कम वाटली जाते, चारवाल्यांना तीस टक्के. माझ्या वाट्याला 612 रुपये आले. एकशे ऐंशी वाचवले नसते तर काय आलं असतं ते सत्तर टक्क्यांचं पेमेंट फलकावर लागलं होतं. मी तो आकडा इथे लिहीत नाही.

दादरला शिवनेरीपर्यंत मामा सोडायला आले. बस सुटताना त्यांनी खिडकीतून पाकीट आत टाकलं. "मोजून घे," म्हणाले. बरोबर सतराशे पन्नास होते.

हिशेब बसमध्येच केला. नेले सहा हजार. प्लेसच्या तीनशेच्या तिकिटांवर आलेले चारशे दहा धरून परत आणले चार हजार बारा. गेले एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी, गाडीभाडं आणि भेळ वेगळी. मामा दोन दिवसांत सत्तर रुपये वर होते.

खोपोलीच्या पुढे घाटात दिवा बंद झाला तोवर मी वहीतला ड्रॉचा रकाना खोडला होता. घरी बायकोने दार उघडलं आणि विचारलं, "तिसऱ्यात काही आहे का?" मी पाकीट तिच्या हातात दिलं. तिने मोजले, बाकीची दोन कुठे आहेत असं विचारलं नाही, आणि पाकीट कपाटात ठेवून दिलं. जुलैत पुण्याचा मोसम सुरू झाला तेव्हा मी ते मागितलं. तीही म्हणाली, "कुठलं पाकीट?"