बांज, तिसरा उन्हाळा

२६ मे २०२५. बांजाचं, म्हणजे हिमालयातल्या ओकचं, मोठं रोप आज मोजलं: साडेबावीस इंच. त्याच्या शेजारचा शेवगा एवढ्यात दोनदा छाटून झाला.

मागचं थोडक्यात सांगतो. आधी लातुरातच एका रोपवाटिकेतून ‘ओक’ म्हणून रोप आणलं होतं. पानं नेच्यासारखी निघाली तेव्हा कळलं, हा सिल्व्हर ओक. ऑस्ट्रेलियातलं झाड, खऱ्या ओकशी नातं नावापुरतंच. मग डिसेंबर २०२२ मध्ये मसुरीला गेलो, तेव्हा बांजाखाली पडलेली एकवीस फळं वेचून ओल्या कापडात गुंडाळून आणली. हे बी वाळलं की मेलं, तुरीसारखं डब्यात भरून ठेवता येत नाही. बादलीत टाकल्यावर सात तरंगली, ती फेकली. उरलेल्या चौदांतली अकरा रुजली. त्या अकरांतली तीन खारीनं उकरून नेली.

कोंब दिसायच्या आधीच सोटमूळ खोल गेलेलं असतं, म्हणून पिशवी टाळली. चार इंची पीव्हीसी पाईपचे दोन फुटी तुकडे कापले, बुडाला जाळी बांधली. बांजाखालची दोन मुठी मातीही आणली होती, ती मिसळली. ओकच्या मुळांना साथ देणारी बुरशी आपल्या काळ्या रानात कुठून येणार?

सगळे म्हणत होते, ऊन खाईल. उन्हानं दोनच गेली, बाकीची हिरव्या जाळीखाली तगली. खरा घात केला बोअरच्या पाण्यानं. आमच्या माठाच्या बुडाला या पाण्यानं पांढरी खपली धरते, त्यावरून त्यात चुना किती ते समजा. गेल्या उन्हाळ्यात नवी पालवी आली ती शिरा हिरव्या आणि मधलं सगळं पिवळंधमक. मातीत लोह असतं, पण चुनखडीत अडकतं, मुळांना मिळत नाही. दुकानातून चिलेटेड फेरस, म्हणजे रसायनानं पकडून ठेवलेलं लोह, आणून घातलं. महिना गेला, फरक शून्य. डबा नीट वाचला तर ते ईडीटीए या रसायनाचं. चुनखडीच्या मातीत त्याची लोहावरची पकड सुटते. मग ईडीडीएचए या दुसऱ्या रसायनाचं आणलं. महाग आहे, पाण्यात टाकलं की कुंकू कालवल्यासारखं लाल होतं. पुढची पालवी हिरवी आली, पण तोवर तीन रोपं गेली होती. उरली तीन.

त्यातली दोन गेल्या पावसाळ्यात जमिनीत लावली. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि मुळं तोडते, म्हणून तीन फूट खड्डा घेऊन मुरूम, लाल माती आणि चाळलेलं शेणखत भरलं. वर सोयाबीनचं भुसकट वीतभर. भुसकट खोडाला भिडवू नका, वाळवी लागते.

आई रोज बघते. परवा म्हणाली, “ह्याला लागतंय काय?”
“बी लागतं. पण लई वर्षांनी.”
“अन् ते खायचं कुणी?”
“खारीनं.”

आता बोअरचं पाणी बंद, फक्त छतावरचं साठवलेलं पावसाचं. टाकी तळाला आलीय. मृगाला तेरा दिवस आहेत. रोपाला आठवड्याला पाच लिटर धरलं तर पुरतं.