स्थिर वेगातली मिसिंग आणि डिस्ट्रिब्युटरमधली एक तार

माझ्याकडची गाडी १९६४ सालची आहे. चार सिलिंडर, पेट्रोल आणि हवा मिसळणारा एक कार्ब्युरेटर आणि ठिणगीसाठी कॉन्टॅक्ट पॉइंटचे इग्निशन अशी तिची साधी रचना असल्यामुळे बिघाड कुठे आहे हे सांगणारा कोणताही दिवा तिच्यात नाही. इंजिनाच्या आवाजावरून आणि वागण्यावरूनच तो ओळखावा लागतो. या इंजिनात मध्यंतरी आलेला एक बिघाड शोधायला मला सहा आठवडे लागले. अशी लक्षणे दिसली की बहुतेक जण प्रथम कार्ब्युरेटर उघडतात, आणि मीही तेच केले, म्हणून हा शोध तपशिलाने लिहून ठेवावासा वाटतो.

गाडी चोक ओढताच सुरू होत असे, आयडलिंग स्वच्छ होते आणि चढावर एक्सलरेटर पूर्ण दाबला की इंजिन जोमाने ओढत असे. मात्र सपाट रस्त्यावर ताशी ५० ते ६० किलोमीटरच्या वेगाने, पाय एक्सलरेटरवर जेमतेम टेकवून गाडी चालवली की ती मिसिंग करू लागे, म्हणजे इंजिनाचे ठोके मध्येच चुकत. मध्येच कार्ब्युरेटरमधून खोकल्यासारखा आवाज येई आणि सायलेन्सरमधून फटाका वाजल्यासारखा बार निघे. पाय थोडा अधिक दाबला की सारे पूर्ववत होत असे.

कार्ब्युरेटरमधून खोकणे हे मिश्रणात पेट्रोल कमी पडत असल्याचे सर्वांना ठाऊक असलेले लक्षण आहे. एक्सलरेटर दाबल्यावर जादा पेट्रोल मिळते आणि मिसिंग थांबते, तेव्हा दोष कार्ब्युरेटरमध्येच असणार, असे मी धरून चाललो. पेट्रोलची मात्रा ठरवणारे जेट काढून साफ केले, फ्लोटची पातळी तपासली, निडल बदलली, इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट नवे घातले आणि अखेरीस मुख्य जेट एक क्रमांकाने मोठा बसवला. मिसिंग होती तशीच राहिली.

मिश्रण पातळ नव्हते याचा पुरावा पहिल्याच दिवशी माझ्या हातात होता, याची मला आजही हळहळ वाटते. काम सुरू करताना मी चारही प्लग काढून पाहिले होते आणि त्यांच्या टोकांचा रंग फिकट तपकिरी, म्हणजे अगदी हवा तसा होता; पेट्रोल खरोखर कमी पडत असते तर ती टोके पांढुरकी दिसली असती. कॉम्प्रेशनही घेतले होते. चारही आकडे १४० ते १५० पीएसआयच्या दरम्यान आले, त्यामुळे व्हॉल्व्ह, पिस्टन रिंग आणि हेड गॅस्केट यांच्यावरचा संशय तेव्हाच संपला होता.

शेवटी मी एका कागदावर मिसिंग केव्हा होते आणि केव्हा होत नाही एवढेच लिहून काढले. आयडलिंगला होत नाही, पूर्ण एक्सलरेटरवर होत नाही, केवळ थ्रॉटल, म्हणजे एक्सलरेटरने उघडणारी हवेची झडप, थोडी उघडी असताना होते. असेच वागणारा आणखी एक भाग या इंजिनात आहे, तो म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम ॲडव्हान्स. त्याची नळी कार्ब्युरेटरमध्ये थ्रॉटलच्या पाकळीच्या किंचित वर उघडते. आयडलिंगला पाकळी मिटलेली असते आणि नळीपर्यंत व्हॅक्यूम पोहोचत नाही. थ्रॉटल पूर्ण उघडला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूमच जवळजवळ नाहीसा होतो. या दोन टोकांच्या मधल्या स्थितीत मात्र तो डायफ्रॅमला ओढतो, डायफ्रॅम ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटची प्लेट काही अंश फिरवतो आणि ठिणगी लवकर पडते. म्हणजे जिथे मिसिंग होत होती, नेमकी तिथेच ती प्लेट सरकत होती.

हे पडताळून पाहायला पाच मिनिटे पुरली. गाडी उभी असतानाच इंजिनाचा वेग थोडा वाढवून ठेवला, नळी कार्ब्युरेटरकडून काढून तिथले भोक बंद केले आणि डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला स्वच्छ रबरी नळी जोडून तोंडाने हवा ओढली. (पेट्रोल लागलेली नळी तोंडात घेऊ नये.) हवा ओढताच इंजिन अडखळले, सोडताच सुधारले. ओढून नळीच्या टोकावर जीभ धरली तरी ताण टिकून राहिला, म्हणजे डायफ्रॅम फाटलेला नव्हता. मग व्हॅक्यूमचे भोक तसेच बंद ठेवून गाडी रस्त्यावर नेली, तेव्हा त्याच वेगात एकदाही मिसिंग झाली नाही.

कॅप काढल्यावर पॉइंट निर्दोष दिसले; फट ०.४ मिलिमीटर, म्हणजे जेवढी हवी तेवढीच होती. बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत जाणारी बोटभर लांबीची तार मल्टीमीटरने तपासली, तर तीही ठीक असल्याचे काटा सांगत होता. परंतु प्लेट हाताने फिरवताच काटा थरथरू लागला. वरचे आवरण शाबूत होते आणि आतले तांब्याचे धागे, दोन-तीन सोडून, सगळे तुटले होते. प्लेट फिरली की तार ताणली जाऊन जोड सुटत असे, आणि परत आली की तेच धागे एकमेकांना टेकत.

अमेरिकी अभियंते चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेले आणि १९१०च्या कॅडिलॅक गाड्यांत आलेले हे बॅटरी-कॉइलचे इग्निशन पुढे सहा दशकांहून अधिक काळ टिकले. त्यात ठिणगी पडते ती कॉइलमधला १२ व्होल्टचा प्रवाह तुटतो त्या क्षणी. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असताना पॉइंट सेकंदाला १०० वेळा हा प्रवाह तोडतात. तुटकी तारही तो तोडत होती, पण भलत्या वेळी. इनटेक व्हॉल्व्ह मिटण्याआधी ठिणगी पडली की कार्ब्युरेटर खोकत असे, आणि ती पडलीच नाही तर न जळलेले मिश्रण सायलेन्सरमध्ये जाऊन पेट घेत असे. पेट्रोल कमी पडल्यासारखी वाटणारी दोन्ही लक्षणे अशा रीतीने विजेच्या बिघाडातून आली होती.

नवी तार निवडताना मात्र घाई करू नये. घरात सापडलेली जाड धाग्यांची वायर लावली तर ती त्याच जागी वाकून वाकून पुन्हा तुटते. इथे केसासारख्या बारीक धाग्यांची, अत्यंत लवचिक तारच हवी. प्लेट दोन्ही टोकांपर्यंत फिरेल इतकी ढील तिला द्यावी, परंतु ती फिरत्या कॅमला घासणार नाही अशीच बसवावी. प्लेटची अर्थिंगची तारही तशीच सतत वाकते, म्हणून मी तीही त्याच वेळी बदलली. त्यानंतर व्हॅक्यूमची नळी काढलेली ठेवूनच टायमिंग लाइटने ठिणगीचे टायमिंग पाहिले.

मिसिंग थांबली, परंतु पहिल्या लांब फेरीनंतर प्लग काजळीने काळे झालेले निघाले, कारण मी घातलेला मोठा जेट अजून आतच होता. मूळ क्रमांकाचा जेट परत बसवला, प्लग घासून लावले आणि शंभर किलोमीटर गाडी चालवून पुन्हा काढले. चारही टोके पूर्वीसारखी फिकट तपकिरी होती.