कोलंबसाचं डिपॉझिट

नाशिकमध्ये लहानाचं मोठं होताना स्वातंत्र्याच्या कविता जरा जास्तच वाट्याला येतात. सावरकरांचं भगूर सिटी बसच्या टप्प्यात, कवी गोविंदांची तिळभांडेश्वर गल्ली बाजारात जाताना वाटेत, आणि कुसुमाग्रज तर प्रत्येकाच्या कुठल्या ना कुठल्या काकांना भेटलेले असतातच. शाळेतली १५ ऑगस्टची स्पर्धा म्हणजे या तिघांची आपापसातलीच लढत. ‘रणावीण स्वातंत्र्य कोणा मिळाले’ म्हणताना ‘रण’ला उजवा हात वर आणि ‘स्वातंत्र्य’ला दोन्ही, हे आमच्या बाईंनी ठरवून दिलेलं. ज्या गोविंदांनी ही ओळ लिहिली त्यांचे स्वतःचे पाय अधू होते, हे मात्र बाईंनी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर एवढे हात झाले असते का, कोण जाणे.

या कविता मी पहिल्यांदा खरोखर वापरल्या त्या घरातच. पुण्यात नोकरी लागली होती आणि बाबांचं मत होतं की नाशिकलाही कंपन्या आहेत, सातपूर आहे, अंबड आहे, जायचं कशाला? मी ओट्याजवळ उभी राहून रणावीण स्वातंत्र्य कुणाला मिळत नसतं असं ऐकवलं. आई म्हणाली, “आधी ते ताट उचल.” रण साधारण आठवडाभर चाललं. तहाच्या अटी आईने ठरवल्या: रोज रात्री फोन, आणि खोली मुलींच्याच इमारतीत.

निघायच्या दिवशी मी स्टेटसला कोलंबसाचं गर्वगीत टाकलं. दुसरं काय टाकणार? ‘अनंत अमुची ध्येयासक्ती’पासून ‘किनारा तुला पामराला’पर्यंत. ते ज्यात आहे तो कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ संग्रह १९४२ सालचा, पण घर सोडणाऱ्या मराठी मुलामुलींना अजूनही तीच ओळ सापडते. समुद्रालाच पामर म्हणायचं, यात जी मस्ती आहे ती विशीतच परवडते. एक तपशील मात्र त्या गीतात नाही, आणि तो नाही तेच बरं. कोलंबसाच्या सफरीचा खर्च स्पेनच्या राजाराणीने केला होता. माझ्या कर्वेनगरच्या खोलीचं डिपॉझिट बाबांनी भरलं.

खोली कॉट बेसिसवर. तिथे कळलं की माझ्या आवडीच्या सगळ्या कविता स्वातंत्र्य मिळेपर्यंतच्या आहेत. मिळाल्यानंतरच्या मंगळवारी काय करायचं ते त्यांत नाही. मेसचा डबा साडेआठनंतर मिळत नाही, गीझर कुणी चालू ठेवला यावरून तिघींचं भांडण होतं, पोलिस व्हेरिफिकेशनसाठी फोटो हवे असतात. ताप आला तर पॅरासिटामॉल आणायला आपणच खाली उतरायचं. मला हे वाईट वाटलं नाही, उलट त्यात एक गंमत होती. पहिल्या पगारातून घेतलेली प्लास्टिकची बादली मी बराच वेळ नुसती बघत बसले होते. माझ्या नावावरची पहिली स्थावर मालमत्ता!

अशाच एका तापात शेजारच्या खोलीतून सावरकरांचं ‘सागरा प्राण तळमळला’ ऐकू आलं. शाळेत आम्ही ते छाती पुढे काढून म्हणायचो. पडल्या पडल्या ऐकताना शब्दच वेगळे ऐकू यायला लागले. यात तलवार कुठेच नाही. १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर सव्वीस वर्षांचा एक मुलगा समुद्राशी भांडतोय. तूच म्हणालास ना, चल, दुसरे देश बघू? आईच्या मनात पाल चुकचुकली तेव्हा तूच तिला वचन दिलंस ना, की लवकर परत आणीन? आणि आता पिंजऱ्यातल्या पोपटासारखी माझी फसगत केलीस. इथे मोठमोठे प्रासाद आहेत, पण मला ‘आईची झोपडी प्यारी’. बॅरिस्टरची परीक्षा झालेली, सनद नाकारलेली, थोरला भाऊ शिक्षा झालेला, आणि परतीची वाट बंद. माझी परतीची शिवशाही दर तासाला होती, तेव्हा बरोबरी करायची नाही. पण स्वातंत्र्यगीत म्हणून आपण ज्याला टाळ्या देतो ते मुळात घराच्या आठवणीने व्याकूळ झालेल्याचं गाणं आहे, हे मला १०१ ताप असताना समजलं.

मग शोधायचा नादच लागला. थोरल्या भावाला, बाबारावांना, जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली ती गोविंदांच्या कवितांची पुस्तिका छापल्याबद्दल. म्हणजे आमच्या हातवाऱ्यांच्या कवितांची किंमत घरातल्या माणसाने मोजली होती. मागे राहिल्या त्यांच्या पत्नी, येसूवहिनी. त्यांच्यासाठी लंडनहून धाकट्या दिराने ‘सांत्वन’ ही कविता लिहून पाठवली. १९१९ मध्ये त्या गेल्या. नवऱ्याची भेट पुन्हा झालीच नाही. आमच्या स्पर्धेत ‘सांत्वन’ कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. उजवा हात वर करायला जागाच नाही तिच्यात.

जाणाऱ्यावर कविता होतात, राहणाऱ्याचं काय, हे मी आईला फोनवर विचारलं, जरा साहित्यिक आवाजात. ती म्हणाली, “राहणाऱ्याला तुझी गोधडी धुवायची आहे, ती घेऊन ये शनिवारी.” तिने माझ्या खोलीत शिवणाचं मशीन हलवलं होतं आणि उन्हाळ्यात ब्लाउजची कामं घ्यायला लागली होती. मी गेल्याने तिला जागा झाली, हे मला फारसं आवडलं नाही. पण तिने माझं मत विचारलं नव्हतं.

आता नाशिकला गेले की कुसुमाग्रजांची ‘कणा’ सगळ्यात जवळची वाटते. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात आणि पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आला यावर मोजतात, त्यामुळे ‘गंगामाई पाहुणी आली’ म्हणजे काय ते नाशिकच्या पोराला समजावून सांगावं लागत नाही. पुरात सगळं वाहून गेलेला तो मुलगा सरांकडे येतो, आणि सरांचा हात खिशाकडे जाताच हसत उठतो. त्याला पैसे नको असतात.

ठक्कर बाजारला बस सुटायच्या आधी बाबांचा हातही दरवेळी खिशाकडे जातो. माझा पगार आता त्यांच्या पेन्शनपेक्षा जास्त आहे, हे दोघांनाही माहीत आहे. ते पाचशेची नोट घडी करून देतात, “राहू दे, वाटेत लागतील.” कवितेतला मुलगा माझ्यापेक्षा मोठा होता, हे मान्य. मी नोट घेते, आणि संगमनेरला बस थांबली की त्यातून वडापाव घेते.