आवाज बदलतो की रे

माझ्या हातून दूध उतू जातं. घरात याची थट्टा जरा जास्तच होते, कारण नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्यात बॉयलरची उपकरणं सांभाळणं हीच माझी नोकरी.

आई पातेल्याकडे बघतसुद्धा नाही. पाठमोरी मेथी निवडत असते, मधेच हात लांबवून गॅस बारीक करते आणि दूध काठाशी येऊन शहाण्यासारखं थांबतं. विचारलं तर म्हणते, "आवाज बदलतो की रे."

मी साय चढलेली दिसली की धावतो. आमच्या भाषेत हा फीडबॅक: आधी बिघडू द्यायचं, मग सावरायचं. वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला लावलेला, वेग आवरणारा फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नरही तसाच. वेग बदलल्याशिवाय त्याचे गोळे हलायचे नाहीत.

बॉयलरवर मात्र एवढ्याने भागत नाही. वाफेची मागणी एकदम वाढली की ड्रममधला, म्हणजे पाणी आणि वाफ जिथे असते त्या टाकीतला दाब उतरतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि पाणी कमी होत असताना पातळी चक्क वाढलेली दिसते. (दुधाचीच भावकी!) नुसत्या पातळीवर भरवसा ठेवणारा कंट्रोलर अशा वेळी पाण्याचा व्हॉल्व्ह मिटायला लागतो, तहानलेल्याच्या हातून तांब्या काढून घ्यावा तसा. म्हणून किती वाफ निघाली हेही मोजायचं आणि तेवढं पाणी लगेच आत सोडायचं. हे फीडफॉरवर्ड. पातळीकडे उरतं ते किरकोळ चुका निस्तरण्याचं काम.

गोदाकाठचे दुकानदार हे न शिकता जाणतात. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की बघे पुलावर जमतात. पण जुना दुकानदार त्याआधीच त्र्यंबकला पाऊस किती झाला, गंगापूर धरणातून विसर्ग किती सोडला याची चौकशी करून माल माळ्यावर चढवायला लागलेला असतो. मारुती नुसती पातळी सांगतो.

परवा मलाही हुरूप आला. दुधाकडे पाठ केली, कान टवकारले, आवाज बदलला असं वाटलं आणि मोठ्या ऐटीत गॅस बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध नासलं. ते तापलंच नव्हतं.

आई काही बोलली नाही. त्यात साखर घालून आटवायला ठेवलं आणि कालथा माझ्या हातात दिला.

"हलवत राहा. आणि बघत राहा."